एक कोल्हापूरकर आणि शंभर विद्यार्थी

शिबिर हा शब्द आपल्या भाषेंत जुना आहे; परंतु त्याचा जुना अर्थ सैन्याचा तळ एवढाच होता. राजा स्वारीस निघाला म्हणजे त्याचें शिबिर पडे, तंबू-राहुट्या उभ्या राहत, आणि मुक्काम हालला म्हणजे मागें चुलींची राख तेवढी उरे. आज शिबिर म्हटलें म्हणजे निराळेंच चित्र डोळ्यांपुढें येतें. सतरंजीवर बसलेलीं मुलें, पहांटेची प्रार्थना, दुपारपर्यंत श्रमदान, रात्रीं समूहगीतें, आणि या सर्वांवर नजर ठेवणारा, त्यांच्याहून चार-सहा वर्षांनींच मोठा असा एक नायक. आमच्या नांदेड-लातुराकडील कोणत्याही महाविद्यालयांत चौकशी केली तर राष्ट्रीय सेवा योजनेची तुकडी वर्षांतून एकदां जवळच्या खेड्यांत जाऊन राहते असें कळेल. ही योजना १९६९ सालीं, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिच्या दोनच वर्षें आधीं बाबा आमटे यांनीं सोमनाथच्या जंगलांत श्रमसंस्कार छावणी भरविली होती. आणि त्याच्याही पूर्वीं, १९४१ पासून, राष्ट्र सेवा दलानें महाराष्ट्रांतील मुलांस शिबिराची गोडी लावली होती.

या सर्वांचें कूळ एकच आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु सुट्टींत तरुणांस गांवाबाहेर एकत्र ठेवावें, सकाळीं त्यांच्या बुद्धीस व दुपारीं त्यांच्या हातापायांस काम द्यावें, आणि निघतांना प्रत्येकाकडून कांहीं तरी संकल्प करवून घ्यावा, ही जी एक विशिष्ट पद्धति आहे, तिच्या इतिहासांत एक प्रकरण असें आहे कीं ज्याचा नायक आपल्या कोल्हापुरांत जन्मला. हें प्रकरण ख्रिस्ती मंडळींच्या ग्रंथांत सविस्तर सांगितलेलें आहे. मराठी वाचकांच्या फारसें कानांवर आलेलें नाहीं. तें सांगण्यास आणखी एक कारण आहे. हल्लीं आमच्याकडे मधूनमधून एखादा विद्यार्थी शिफारसपत्र मागावयास येतो. परदेशांत उन्हाळ्याच्या सुट्टींत मुलांचीं शिबिरें भरतात, त्यांतलीं पुष्कळशीं ख्रिस्ती संस्थांनीं चालविलेलीं असतात, आणि तेथें मुलांचा नायक म्हणून त्याला जावयाचें असतें. पत्र आम्ही देतोंच. पण त्याच्या मागून त्याचे वडील येतात, आणि हलक्या आवाजांत विचारतात, “सर, मुलगा जाईल तसाच परत येईल ना?” या प्रश्नाची टिंगल करण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं. तो महाराष्ट्रांत निदान पावणेदोनशें वर्षें विचारला जात आहे.

रॉयल गोल्ड वाइल्डर हा अमेरिकेंतील व्हर्माँट प्रांताचा रहिवासी १८४६ सालीं सपत्नीक हिंदुस्थानास निघाला. प्रथम त्यानें अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्यें काम केलें, आणि १८५२ मध्यें तो कोल्हापुरास येऊन राहिला. संस्थानी शहर, अंबाबाईचें क्षेत्र, आणि तेथें हा एकटा गोरा कुटुंबवत्सल उपदेशक. त्याचा मुख्य भर शाळांवर होता. याच गोष्टीवरून त्याचें व त्याच्या वरिष्ठ मंडळाचें बिनसलें. कारण बोस्टनमधील त्या मंडळाचे कार्यवाह रूफस अँडरसन यांचें मत असें कीं मिशनऱ्यानें उपदेश करावा, शाळामास्तरकी करूं नये. वाइल्डर हटवादी होता. मंडळाशीं फारकत घेऊन त्यानें कांहीं वर्षें स्वतंत्रपणें कोल्हापुरांत काम चालविलें, आणि पुढें १८७० मध्यें तो प्रेस्बिटेरियन मंडळास मिळाला. धर्मप्रसाराविषयीं वाचकांचें मत कांहींही असो, शाळा बंद करण्यास नकार देणाऱ्या या माणसाविषयीं आम्हांस एक प्रकारची आपुलकी वाटते. (शिक्षकाचा हा पक्षपात समजावा.)

या घरांत १८६३ सालीं रॉबर्ट पार्मली वाइल्डर जन्मला. ग्रेस ही त्याची थोरली बहीण. बारा वर्षेंपर्यंत हा मुलगा कोल्हापुराच्या हवेंत वाढला. १८७५ मध्यें बापाची प्रकृति ढासळल्यामुळें सारें कुटुंब अमेरिकेस परतलें आणि प्रिन्स्टन या विद्यापीठाच्या गांवीं राहूं लागलें. बापानें तेथें मिशनकार्यास वाहिलेलें एक मासिक काढलें. मुलानें कॉलेजांत गेल्यावर समविचारी विद्यार्थ्यांचें एक लहानसें मंडळ काढलें. त्या मंडळाच्या सभासदांची प्रतिज्ञा अशी कीं देवाची इच्छा असेल तर परदेशीं सेवेस जाण्याची आमची तयारी आहे. बैठका वाइल्डरांच्याच घरीं भरत. शेजारच्या खोलींत ग्रेस प्रार्थना करीत बसे. ती मॅसॅच्युसेट्समधील माउंट होल्योक या स्त्रियांच्या संस्थेची पदवीधर होती, आणि तेथें तिनेंही मुलींचें असेंच मंडळ स्थापिलें होतें. भावाचें नांव इतिहासांत राहिलें, बहिणीचें टीपेंत राहिलें. आमच्या मतें या दोघांत कल्पना अधिक तिची होती.

आतां १८८६ सालच्या उन्हाळ्याकडे वळूं. ड्वाइट मूडी हा त्या काळचा अमेरिकेंतील सर्वांत गाजलेला धर्मोपदेशक. मूळचा जोड्यांच्या दुकानांतील विक्रेता. कॉलेजचें तोंड त्यानें विद्यार्थी म्हणून कधीं पाहिलेलें नव्हतें, आणि शिकलेल्या तरुणांपुढें बोलण्याचा त्याला संकोच वाटे. त्यानें आपल्या जन्मग्रामाजवळ, कनेक्टिकट नदीच्या कांठीं, माउंट हर्मन नांवाची मुलांची शाळा १८८१ मध्यें काढली होती. सुट्टींत शाळेच्या इमारती रिकाम्या असत. तेथें देशभरच्या कॉलेजांतील निवडक विद्यार्थी बोलावून महिनाभर बायबलचें अध्ययन करावें, अशी कल्पना ख्रिस्ती तरुण संघाचे, म्हणजे वाय. एम. सी. ए. चे, विद्यार्थी-चिटणीस ल्यूथर विशार्ड यांनीं त्याच्या गळीं उतरविली. हा संघ १८४४ मध्यें लंडनांत जॉर्ज विल्यम्स या कापडदुकानांतील नोकरानें काढला, आणि मुलांस तंबूंत नेऊन ठेवण्याचा त्याचा पहिला प्रयोग न्यूयॉर्क प्रांतांत ऑरेंज लेकच्या कांठीं १८८५ मध्यें, अवघ्या सात मुलांवर झाला होता. म्हणजे ही सारी कल्पनाच त्या वेळीं कोरी होती.

अडीचशें विद्यार्थी आले. सकाळीं अध्ययन, दुपारीं चेंडूचे खेळ, पोहणें व डोंगरांतील भटकंती, संध्याकाळीं गवतावर बसून भाषणें, असा कार्यक्रम असे. परदेशीं जाण्याचा विषय या कार्यक्रमांत नव्हताच. तो आणला रॉबर्ट वाइल्डरनें. त्याची त्या वर्षीं पदवी पुरी झाली होती. निघतांना ग्रेसनें त्याला सांगितलें होतें म्हणे, कीं तेथून शंभर जण परदेशीं जाण्याचा संकल्प करून उठतील. चरित्रकारांच्या भक्तिभावास थोडी काट दिली तरी एवढें खरें दिसतें कीं हा मुलगा मनांत एक आंकडा धरूनच शिबिरांत शिरला. त्यानें प्रथम आधींच मन ठरलेले वीस-एक विद्यार्थी हुडकून काढले. मग तो एकेकास गांठूं लागला, फिरावयास जातांना, जेवणाच्या पंगतींत, नदीकांठीं. १६ जुलैस आर्थर पिअर्सन या वक्त्याचें भाषण त्यानें करविलें. आणि २४ जुलैस झाली ती सभा, जी पुढें ‘दहा राष्ट्रांची सभा’ म्हणून प्रसिद्धीस आली.

ही सभा म्हणजे शिबिरनायकाच्या कौशल्याचा नमुना होय. नामांकित वक्ते बाजूस ठेवून वाइल्डरनें दहा विद्यार्थ्यांस उभें केलें. कोणी परदेशांतून शिकावयास आलेला, कोणी त्याच्यासारखाच मिशनऱ्याचा मुलगा. प्रत्येकास बोलावयास वेळ तीन मिनिटें. प्रत्येकानें एका देशाची स्थिति सांगावयाची, आणि शेवटीं ‘देव प्रेम आहे’ हें एकच वाक्य त्या देशाच्या भाषेंत म्हणावयाचें. चीन, जपान, सयाम, इराण, आर्मेनिया असे देश झाले. हिंदुस्थानाच्या वतीनें स्वतः वाइल्डर उभा राहिला. मोठ्या पंडिताच्या तासाभराच्या व्याख्यानानें जें होत नाहीं, तें समवयस्कांच्या तीन-तीन मिनिटांनीं झालें. विद्यार्थी न बोलतां आपापल्या खोल्यांकडे गेले, असें वर्णन आहे. शिबिराच्या अखेरच्या दिवशीं नव्याण्णव नांवें झालीं होतीं. निरोपाची प्रार्थना चालू असतां आणखी एक जण आंत येऊन गुडघे टेकून बसला, आणि शंभर पुरे झाले. त्या शंभरांत कॉर्नेल विद्यापीठाचा एकवीस वर्षांचा जॉन मॉट हा विद्यार्थी होता. साठ वर्षांनीं, १९४६ मध्यें, शांततेचें नोबेल पारितोषिक त्याला विभागून मिळालें.

येथें कोल्हापुराचा आणखी एक धागा आमच्या नजरेस येतो, आणि तो मिशनच्या ग्रंथांत सांपडत नाहीं. याच १८८६ सालीं, माउंट हर्मनच्या चारच महिने आधीं, ११ मार्च रोजीं, फिलाडेल्फिया येथें आनंदीबाई जोशी यांस वैद्यकाची पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडांतून मुद्दाम गेल्या होत्या. पदवी घेतां घेतांच आनंदीबाईंस नोकरीचें बोलावणें आलें, आणि तें कोल्हापूर दरबाराकडून, तेथील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रीविभाग सांभाळण्यासाठीं आलें. म्हणजे एकाच वर्षीं, अमेरिकेच्या एकाच किनाऱ्यावर, एक कोल्हापुरांत जन्मलेला अमेरिकन तरुण हिंदुस्थानच्या उद्धारासाठीं माणसें जमवीत होता, आणि एक मराठी तरुणी त्याच कोल्हापुराच्या रोग्यांसाठीं शिक्षण पुरें करून निघण्याच्या तयारींत होती. त्या दोघांची गांठ पडल्याचें कोठें नमूद नाहीं. आनंदीबाई परत आल्या त्या क्षयानें पोखरूनच. कोल्हापूरचें काम हातीं घेण्यापूर्वींच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, पुण्यास त्या वारल्या. वाइल्डरच्या तीन मिनिटांच्या हिंदुस्थानांत आनंदीबाई होत्या काय? असाव्यात असें वाटत नाहीं. परदेशीं मदत मागतांना देशाचें दैन्य तेवढें सांगावें लागतें. त्या देशाची स्वतःची कर्तबगारी सांगितली तर श्रोत्यांच्या मनांतील कळवळा कमी होतो. ही अडचण केवळ मिशनऱ्यांची आहे असें नाहीं. आपल्यापैकीं जे जे कोणी परदेशीं वर्गणी मागावयास गेले, त्या सर्वांसमोर ती उभी राहिली आहे.

त्या वर्षीं पुढें वाइल्डर व त्याचा मित्र जॉन फोरमन यांनीं अमेरिकेंतील कॉलेजें पालथीं घातलीं. हा फोरमनही हिंदुस्थानचाच. लाहोरच्या प्रसिद्ध मिशनऱ्याचा मुलगा. एका शैक्षणिक वर्षांत दीडशेंहून अधिक संस्था आणि दोन हजारांहून अधिक स्वयंसेवक, त्यांत सुमारे पांचशें तरुणी, असा त्यांचा हिशेब आहे. म्हातारा बाप प्रिन्स्टनला होता. १८८७ च्या ऑक्टोबरांत, पुन्हां हिंदुस्थानास निघण्याच्या तयारींत असतांनाच, त्याचा अंत झाला. १८८८ मध्यें या चळवळीस ‘विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ’ असें रीतसर रूप आलें. पुढील अर्धशतकांत तिच्यामार्फत सुमारे वीस हजार तरुण-तरुणी आशिया-आफ्रिकेंत गेल्या. या पिढींतच साऱ्या जगास सुवार्ता सांगावयाची, हें त्यांचें ब्रीद.

या ब्रीदावर त्या काळींच टीका झाली, आणि ती ख्रिस्ती पंडितांनींच केली. जर्मनीचे ग्युस्टाव्ह वार्नेक यांस त्यांत अमेरिकन घाई दिसली. मॉटनें १९०० सालीं ग्रंथ लिहून खुलासा केला कीं एका पिढींत सर्वांस ख्रिस्ती करणें असा याचा अर्थ नव्हे. प्रत्येकास ऐकण्याची संधि देणें एवढाच आहे. खुलासा प्रामाणिक होता. परंतु ज्याला ऐकावयाचें त्याला कोणी विचारलें होतें काय, हा प्रश्न उरतोच. हजारों तरुण आपलीं सुखाचीं घरें सोडून हिवतापाच्या व पटकीच्या मुलुखांत गेले आणि पुष्कळांनीं तेथेंच देह ठेवला, ही गोष्ट आम्ही हलकी मानीत नाहीं. सांगली-मिरजेकडील वाचकांस तर सांगावयासच नको. वाइल्डरनें रुजविलेल्या कोल्हापूरच्या मिशनमध्येंच १८८९ मध्यें डॉ. विल्यम वानलेस आले, आणि १८९४ मध्यें मिरजेस त्यांनीं जें रुग्णालय उघडलें त्याच्या पायऱ्या आमच्या आजोबांच्या पिढींतील सनातनी घराण्यांनींही झिजविल्या आहेत. परंतु त्यागी माणूस बरोबरीनें वागतोच असें नाहीं. उलट, ज्यानें पुष्कळ सोडलें त्याला घेणाऱ्याकडून पुष्कळ नम्रतेची अपेक्षा असते, असाच अनुभव अधिक आहे.

हें उघड बोलून दाखविलें तें एका हिंदी ख्रिस्ती तरुणानें. वेदनायकम् सॅम्युएल अझरय्या हा तिनेवेल्लीकडील तामीळ. वाय. एम. सी. ए. चा चिटणीस म्हणून त्याची उमेद गेली, आणि शेरवूड एडी या अमेरिकन स्वयंसेवकाशीं त्याची जिवाभावाची मैत्री जडली. १९०२ मध्यें तो सिलोनांत जाफन्यास गेला. तेथील तामीळ ख्रिस्ती लोक आपल्याच पैशानें आपले उपदेशक बाहेर पाठवितात हें पाहून तो अस्वस्थ झाला. परत येऊन १९०३ मध्यें त्यानें तिनेवेल्लीचें स्वतंत्र हिंदी मिशन काढलें, आणि त्या मिशननें कामासाठीं क्षेत्र निवडलें तें निजामाच्या राज्यांतील डोर्णकल. म्हणजे आमच्याच जुन्या राज्याचा पूर्वभाग. तामीळ माणसास तेलंगणहि परदेशच. भाषा निराळी, अन्न निराळें. पुढें अझरय्या स्वतःच तेथें गेला, तेलुगु शिकला, आणि १९१२ च्या डिसेंबरांत डोर्णकलचा बिशप झाला. अँग्लिकन पंथाचा तो पहिला हिंदी बिशप.

मध्यंतरीं १९१० च्या जूनमध्यें एडिंबरो येथें जगभरच्या मिशनांची परिषद भरली. अध्यक्ष जॉन मॉट, माउंट हर्मनच्या शंभरांतला. बाराशेंवर प्रतिनिधि, त्यांत आशियाचे जेमतेम वीस. अझरय्यानें तेथें उभें राहून सांगितलें कीं तुम्हीं आमच्यासाठीं संपत्ति दिली, देह दिले, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहों. परंतु तुम्ही आम्हांस घरीं बोलावीत नाहीं, बरोबर बसवीत नाहीं. आम्हांस आतां मित्र हवे आहेत. सभेंत चुळबूळ झाली, कांहींजण रागावले. चोवीस वर्षांपूर्वीं गवतावर बसून ज्यांनीं संकल्प केला, त्यांच्या पिढीस त्यांच्याच परिषदेंत मिळालेलें हें उत्तर होतें. तें उत्तर देणारा पुन्हां त्याच चळवळीचा फलस्वरूप होता, ही गोष्ट तिच्या श्रेयांत धरली पाहिजे.

आतां वडिलांच्या प्रश्नाकडे येऊं. मुलगा जाईल तसाच परत येईल काय? १८४३ मध्यें मुंबईंत नारायण शेषाद्रि नांवाचा ब्राह्मण विद्यार्थी ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहावयास गेला. बापानें कोर्टांत जाऊन त्याला परत मिळविलें. पण परत आलेल्या या पोरास जातींत घ्यावें कीं नाहीं, यावर महाराष्ट्रभर शास्त्रार्थ माजला. बाळशास्त्री जांभेकर यांनीं त्याची बाजू घेतली आणि त्यापायीं सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. मुलगा बदलून येईल ही भीति आपण बाळगतों. परंतु आलेल्या मुलास घरांत घेण्याइतकें मन आपलें बदलेल कीं नाहीं, ही भीति त्या मुलानें बाळगावयाची असते. श्रीपतच्या प्रकरणांत खरी कसोटी समाजाची झाली, आणि तींत समाज उतरला नाहीं.

थोरल्या नारायणाची गोष्ट आम्हां मराठवाडेकरांच्या अधिक जवळची. तो स्कॉटिश फ्री चर्चचा पाद्री झाला, आणि त्यानें कामासाठीं मुंबई सोडून जालना निवडलें. मांग-महारांच्या वस्त्यांत त्याचें काम वाढलें. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनीं दिलेल्या जमिनीवर त्यानें जालन्याजवळ बेथेल नांवाचें गांव वसविलें. मुसलमान राज्यांतील दिवाणाची जमीन, ब्राह्मण कुळांत जन्मलेला पाद्री, आणि गांवकुसाबाहेरचे लोक. मराठवाड्याच्या इतिहासांत असा त्रिवेणी संगम दुसरा सांपडणें कठीण. १८७३ मध्यें न्यूयॉर्क येथें इव्हँजेलिकल अलायन्सची परिषद भरली, तींत डोक्यास पागोटें बांधून हा गृहस्थ बोलावयास उभा राहिला. वाइल्डर तेव्हां कोल्हापुरांत दहा वर्षांचा होता. म्हणजे हिंदुस्थानाच्या वतीनें अमेरिकेंत बोलण्याचा अधिकार एका मराठी माणसानें माउंट हर्मनच्या तेरा वर्षें आधींच बजावला होता. १८८६ च्या सभेंत हिंदुस्थानसाठीं कोणीतरी अमेरिकनानेंच उभें राहावें असा कांहीं निसर्गनियम नव्हता.

रॉबर्ट वाइल्डरचें पुढील आयुष्य थोडक्यांत सांगतों. इंग्लंड-स्कॉटलंडांतील विद्यार्थ्यांत अशीच चळवळ उभी करून तो १८९२ च्या अखेरीस हिंदुस्थानांत आला, आणि कलकत्ता व पुणे येथील कॉलेजांतील तरुणांत त्यानें कांहीं वर्षें काम केलें. नव्वदच्या दशकांतलें पुणें म्हणजे टिळक-आगरकर-रानड्यांचें पुणें. या शहरांतील विद्यार्थ्यांपुढें संकल्पाच्या दुसऱ्या प्रतिज्ञा मांडणारे त्यांचे स्वतःचे नायक होते. जो माणूस अमेरिकेंत एका हिवाळ्यांत दोन हजार नांवें मिळवी, त्याला पुण्यांत हातावर मोजण्याइतके श्रोते मिळाले असले तर नवल नाहीं. प्रकृति ढासळल्यामुळें १९०२ मध्यें तो कायमचा परतला. ग्रेस मात्र इकडेच राहिली. ती आईसह १८८७ मध्येंच कोल्हापुरास आली होती. पुढें इस्लामपुराकडील खेड्यांत राहून तिनें आयुष्य वेंचलें. शंभराचा आंकडा जिनें उच्चारला तिनें स्वतःचा देह याच मातींत ठेवला.

१९१९ ते १९२७ वाइल्डर त्या अमेरिकन चळवळीचा मुख्य चिटणीस होता, आणि ती आपल्या डोळ्यांदेखत ओसरतांना पाहण्याचें त्याच्या नशिबीं आलें. १९२० मध्यें अडीच हजारांवर नवे स्वयंसेवक. १९२८ मध्यें जेमतेम अडीचशें. महायुद्धांत ख्रिस्ती राष्ट्रांनीं एकमेकांचे गळे कापलेले पाहिल्यावर, आपण जगास काय शिकवावयास जात आहों, असें विद्यार्थीच विचारूं लागले होते. वाइल्डर १९३८ मध्यें नॉर्वेंत वारला.

इकडे त्याच काळांत नांदेड-लातुरास तरुणांचें शिबिर ही गोष्टच अशक्य होती. निजामी राज्यांत ‘गश्ती निशान ५३’ या नांवानें कुप्रसिद्ध असलेल्या हुकुमान्वयें सभा भरविण्यास आधीं परवानगी लागे. आखाडा व खाजगी शाळा यांवरही नजर असे. अशा स्थितींत १९३७ मध्यें परतुरास महाराष्ट्र परिषद भरली व पुढील अधिवेशन लातुरास झालें, हेंच मोठें धाडस. आमच्या तरुणांस पहिलीं खरीं शिबिरें मिळालीं तीं १९४७-४८ मध्यें, आणि तीं सरहद्दीपलीकडे. नांदेडची मुलें पैनगंगा ओलांडून वऱ्हाडांत उमरखेडच्या कॅम्पावर गेलीं. लातूर-उस्मानाबादचीं बार्शी-सोलापुराकडे गेलीं. पैनगंगेचा उतार पाण्यानें गुडघाभर असला तरी त्यांच्या दृष्टीनें पलीकडचा कांठ परदेशच होता. तेथें प्रार्थनेबरोबर बंदुकीची तालीम होती. ३० जानेवारी १९४८ रोजीं उमरीची बँक लुटून स्वातंत्र्यसैनिकांनीं लाखों रुपये हस्तगत केले. त्याच संध्याकाळीं दिल्लींत गांधीजींचा खून झाला. शिबिर या शब्दाचा जुना, सैन्याच्या तळाचा अर्थ आमच्या भागांत तेवढ्यापुरता पुन्हां जिवंत झाला होता. १७ सप्टेंबर १९४८ नंतर तो मिटला.

यानंतर आमच्याकडे बाहेरून स्वयंसेवकांचा लोंढा आला तो १९९३ मध्यें. २९ सप्टेंबरास अनंतचतुर्दशी होती. गणपति बोळवून लोक झोंपले, आणि ३० च्या पहांटे चारच्या सुमारास किल्लारीची धरणी हालली. दगडामातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचें ओझें. घरेंच काळ झालीं. लातूर व धाराशिव (तेव्हांचें उस्मानाबाद) या दोन जिल्ह्यांत आठ-दहा हजार माणसें गेलीं. मग देशांतून व परदेशांतून मदत आली. ख्रिस्ती संस्था आल्या, जैन संघटना आली, संघ आला, सेवा दल आलें, शिखांचे लंगर लागले. पुष्कळांनीं प्रेतें काढण्यापासून सर्व कामें केलीं, आणि त्यांत कोणी कोणास धर्म विचारला नाहीं. भारतीय जैन संघटनेनें बाराशें मुलें शिक्षणासाठीं पुण्यास नेलीं. परंतु याच वेळीं रस्ते बघ्यांनीं तुंबले होते, आणि कोणीं मागितले नसलेले जुने कपडे वाटेवर ढिगांनीं पडले होते, हेंही खरें.

पुढें ५२ गांवें नव्या जागीं बसविलीं. नकाशे बाहेरच्यांनीं आंखले. सरळ रेषेंतले रस्ते, एकसारख्या खोल्या, घरापासून घर दूर. जुन्या गांवीं वाडा होता, वाड्यापुढें ओटा होता, भावकीच्या भिंतीस भिंत लागून होती. धान्य, जनावरें, म्हातारीं माणसें यांची प्रत्येकाची जागा ठरलेली होती. नवीन घरांत सुरक्षितता आली आणि शेजार गेला, असें तेथील बायका अद्याप सांगतात. एडिंबरोंत अझरय्यानें जें म्हटलें, तेंच या बायका आपल्या भाषेंत म्हणत आहेत असें आम्हांस वाटतें.

जेथें घरें पुरतीं पडलीं नव्हतीं, अशा शेंकडों गांवांत मात्र काम निराळ्या रीतीनें झालें. तेथें दुरुस्ती व मजबुतीकरण लोकांनीं स्वतः करावयाचें होतें. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या सल्ल्यानें सरकारनें गांवोगांवच्या स्त्रियांस ‘संवाद सहाय्यक’ नेमलें. कोणी शेतमजुरीण, कोणी महिला मंडळाची बाई, कित्येकींचें शिक्षण बेताचेंच. सिमेंट किती लागतें, कोपऱ्यांत सळई कशी घालावी, अनुदानाचा दुसरा हप्ता केव्हां मागावा, हें त्या आधीं शिकल्या आणि मग घरोघर जाऊन सांगूं लागल्या. गवंडी प्रथम हंसले, मग ऐकूं लागले.

२६ जानेवारी २००१ रोजीं कच्छमध्यें भूकंप झाला. तेव्हां लातुराकडच्या याच बायकांपैकीं कांहीं जणी गुजराथेस गेल्या. त्यांना गुजराथी येत नव्हती. त्यांच्याजवळ सांगण्यासारखें व्याख्यान नव्हतें, आणि कोणाकडून प्रतिज्ञा लिहून घेण्याचा त्यांचा विचारही नव्हता. पडलेल्या घरांपुढें बसलेल्या बायकांजवळ जाऊन त्या बसल्या, आपलेंही घर असेंच पडलें होतें असें त्यांनीं हातवाऱ्यांनीं व मोडक्या हिंदींत सांगितलें; आणि मग, सरकारी माणूस नकाशा घेऊन येईल तेव्हां त्याला कोणकोणते प्रश्न विचारावयाचे, तें शिकवावयास त्यांनीं सुरुवात केली.